फळीला चिकटलेला वरवंटा

वरवंटा मी चोरला होता. स्वतःच्याच घरातून, स्वतःच्या बायकोचा. दुसरा एखादा सभ्य शब्द वापरून बघितला, पण जमत नाही. तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. ती भाजीला गेली होती तेव्हा ओट्याखालून उचलला आणि गॅलरीत नेला. याला चोरीच म्हणतात.

का चोरला ते सांगायचं तर आधी माझा भंगाराचा नाद सांगायला हवा.

मी मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होतो. कारखाना बंद झाला त्या शेवटच्या दिवशी जो तो काहीतरी आठवण म्हणून घेऊन निघाला. कोणी पाना घेतला, कोणी आपल्या लॉकरची चावी. मी ड्रिल मशीनखालची फळी घेतली. लोखंडाला भोक पाडताना खाली लाकडाची फळी ठेवतात, म्हणजे ड्रिल आरपार गेलं तरी टेबलाला लागत नाही. आमची फळी जुनी होती, तिच्यावर हजारो भोकं. मधोमध नुसती गर्दी, कडेला जाता जाता विरळ. यातलं एकही भोक कोणी फळीसाठी म्हणून पाडलेलं नव्हतं, आणि तरी ती अशी दिसत होती की माझी नजर तिच्यावरून हलेना. इतकी वर्षं तिच्यावर हात टेकून काम केलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती नीट बघितली.

नाहूरला घरी आलो. बायकोने दार उघडलं.

"हे काय?"

"फळी."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"भिंतीवर लावणार."

"आणि कशाचं आहे म्हणायचं हे?"

"कशाचंच नाही."

"मग बरंय," ती म्हणाली. "आल्यागेल्याला सांगायला सोपं."

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या बिल्डिंगांसमोरून जाताना माझी मान आपोआप वळायची. फुटकी मोझेक लादी, गंजून पापुद्रे सुटलेला पत्रा, खिडकीचा वाकडा गज, दाराची जुनी कडी. आणायचं, धुवायचं, गॅलरीत मांडून ठेवायचं, आणि मग दिवसच्या दिवस हलवाहलव. ह्या पत्र्याशेजारी ती लादी, नको, ती खाली. बायको म्हणायची, "घराचं भंगारवाल्याचं दुकान करून ठेवलंत. एक दिवस तो येईल आणि तुम्हालाही तोलून नेईल." असं म्हणायची खरी, पण बाजारातून आली की पिशवीतून आधी कोथिंबीर काढायची आणि तिच्याखालून रस्त्यावर गाड्यांनी चेपलेलं एखादं बाटलीचं झाकण. "बघा, तुमच्या कामाचं आहे का." ते नेहमीच कामाचं असायचं.

तिला चित्रातलं काही कळत नव्हतं असं ती स्वतःच सांगायची. पण मी दोन दिवस अडलेला असलो की कणकेचे हात घेऊन गॅलरीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "तो खिळा तिथे ओरडतोय. जरा खाली घ्या." मी खाली घ्यायचो. ओरडणं थांबायचं. हे कसं व्हायचं मला अजून कळलेलं नाही.

आता मनोरी. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता, लेक कॉलेजच्या ट्रीपला गेलेली. मी म्हटलं चल, फिरून येऊ. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे गेलो, मासे-भात खाल्ला, किनाऱ्यावर चाललो. तिथे वाळूत अर्धी रुतलेली एक फळी होती, कुठल्यातरी मोडलेल्या होडीची. निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा. दरवर्षी कोणीतरी मायेने रंगवत आलेला असणार. मी नुसता बघत उभा राहिलो. मागायचीही हिंमत होईना, कारण ती फळी माझ्या छातीएवढी लांब आणि घर कुठच्या कुठे, नाहूरला.

"असे काय बघताय? उचला की," ती म्हणाली.

मी फळी उपसली. पण माझी कंबर तेव्हा धरलेली होती, दहा पावलं चाललो आणि बसलो. तिने पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि फळी त्यावर घेतली. कोकणात लहानपणी लाकडं वाहिलेली पोर ती. धक्क्यापर्यंत अशी चालली की कोळणी थांबून हसायला लागल्या. एकीने विचारलं, "वैनी, होडी मोडून नेताव की काय?" ही म्हणाली, "नवऱ्याला चित्र काढायचंय. अख्खा समुद्र नाही मागितला हेच नशीब." बोटीत आडवी फळी मांडीवर घेऊन बसली आणि साडीला चिखल लागला म्हणून घरी येईपर्यंत मला शिव्या घातल्या. इतका सुखाचा दिवस पुन्हा आला नाही, हे सरळच सांगतो.

ती फळी मी गॅलरीत उभी करून ठेवली. पाच-सहा महिने तिला हातच लावला नाही. मग तांब्याची पट्टी लावली, दोन काळे वॉशर, ते जमले. पण खाली काहीतरी जड हवं होतं. काळं, गोल, शांत. पुली लावून बघितली, वीट लावून बघितली. छे. आणि एका सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्याखाली पाटा भिंतीला टेकून उभा, आणि त्याच्या पायाशी वरवंटा.

तो माझ्या आईचा. बाबा गिरणीत लागले तेव्हा आई गावाहून तो पाट्यासकट घेऊन आली होती. मग बायकोने त्याच्यावर पंचवीस वर्षं वाटण वाटलं. तिचं मनगट दुखायला लागलं तेव्हा मिक्सर आला आणि वरवंटा तिथे नुसता बसून होता. माझ्या डोक्यात एवढंच आलं की बसूनच तर आहे. त्याचं डावं टोक उजव्यापेक्षा जास्त गुळगुळीत होतं, कारण ती डावखुरी. मला ते टोक फार आवडलं. फळीवर उभा लावला, डावं टोक वर. फिटरचं काम ते, अर्धवट नाही. फळीला खाच केली, दोन ट्यूबचा एपॉक्सी गोंद भरला, वजन ठेवून दाबलं. ती परत आली तेव्हा सगळं सुकलेलं होतं.

गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. आधी म्हणाली, "छान दिसतंय." हे मला अजून टोचतं, ती आधी हेच म्हणाली. मग म्हणाली, "आता काढा तो."

"निघणार नाही. एपॉक्सी आहे."

"निघणार नाही म्हणजे?"

"म्हणजे निघणार नाही."

तिचा चेहरा उतरला. "आणि लेकीच्या बाळाचं बारसं येईल तेव्हा पाळण्यात आधी कोणाला निजवणार? तुम्हाला?"

आमच्याकडे बारशाला बाळाला एकदम पाळण्यात घालत नाहीत. आधी वरवंट्याला न्हाऊ घालायचं, तेल-काजळ लावायचं, कुंची घालायची. मग तो गोप्या होतो. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात आणि गोप्याला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींकडे देतात. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. गोप्या निजला की मग बाळ. काही बालंट असेल तर ते दगडावर जावं, असं माझी आई सांगायची. ह्याच वरवंट्याच्या मागून मी पाळण्यात गेलो, ह्याच्याच मागून माझी लेक.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय बोललो? "लेकीचं अजून लग्न ठरलं नाही आणि तू बारशाला पोचलीस? तेव्हा नवा आणू. दगड तो दगड."

चार दिवस माझ्यापुढे चहाचा कप आपटला जायचा, तेवढंच आमचं बोलणं.

पुढे मुलुंडच्या एका हॉलमध्ये आमच्यासारख्या रिटायर्ड लोकांच्या छंदांचं प्रदर्शन भरलं. विणलेले रुमाल, नाणी, वांग्याएवढी गुलाबं, आणि माझी फळी. सांताक्रूझच्या दाताच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी ती घेतली. माझं पहिलं विकलं गेलेलं चित्र! मी असा फुगलो होतो की काही विचारू नका. फळी बांधताना बायको शेजारी उभी होती. तिचा हात वरवंट्याच्या डाव्या टोकावर होता.

"तो पण जाणार?"

"अगं, चित्रच आहे ना ते. त्यातली एक वस्तू ठेवून कसं देणार?"

तिने हात काढून घेतला. पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

लेकीचं लग्न तिने पाहिलं, नातवंड नाही. तीन वर्षं झाली. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत आटोपलं. तेव्हापासून माझ्या हातून धड काही झालेलं नाही. वस्तू आणतो, धुतो, मांडतो. चांगलं मांडलं तरी खात्री वाटत नाही. मागे वळून बघतो तर दारात कोणी नाही. कुठला खिळा ओरडतोय ते मला एकट्याला ऐकू येत नाही.

यंदा लेक बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे आता मी एकटा, म्हणून बायकोची थोरली बहीण घाटकोपरहून मुक्कामाला आली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. मुंबईत सगळी हयात गेली तरी तिचं मालवणी सुटलेलं नाही, आणि तोंडाला फडका बांधणं तिला कोणी शिकवलेलं नाही. मुलगी झाली. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा म्हणून अक्का ओट्याखाली वाकली.

"भावोजी, पाटो आसा. वरवंटो खंय गेलो?"

मी सांगितलं. सगळं. अक्काने कपाळावर हात मारला. तिने शेजारणीचा वरवंटा मागून आणला आणि पाचवी साजरी केली, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ह्या दोघी बहिणींना हे एकच शस्त्र ठाऊक.

लेक मात्र म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. बारशालाही शेजारचाच घेऊ. दगड तो दगड."

माझेच शब्द. तिला ठाऊकही नव्हतं. आणि एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. म्हणाली, "आई म्हणायची, मी नसले तरी तुझ्या बाळाच्या आधी माझा गोप्या जाईल पाळण्यात. मला वाटलं, चित्र विकलंस तरी तो तू काढून ठेवला असशील कुठेतरी."

बाराव्या दिवशी बारसं. मध्ये एक आठवडा होता. वरवंटा परत आणायचा, बस्स. बायकोचं एवढं एकच मागणं होतं आणि मी त्यावर गोंद ओतला होता.

दुसऱ्या दिवशी सांताक्रूझला गेलो. रिकाम्या हाताने जाववेना. भिंतीवरून ड्रिलची फळी काढली, माझी पहिली, आणि जुन्या चादरीत गुंडाळून सोबत घेतली. डॉक्टरीणबाईंच्या वेटिंग रूममध्ये माझं चित्र होतं, पण आडवं लावलेलं. मी उभं केलं होतं, त्यांनी आडवं लावलं. रागच आला आधी. मग बघत राहिलो. आडव्या फळीवर आडवा वरवंटा, पाट्यावर असतो तसाच. वाटलं, आता ही येईल, एक गुडघा वर करून बसेल आणि ओलं खोबरं मागेल. दाढदुखीच्या पेशंटांमध्ये बसून मी रडलो. सगळ्यांना वाटलं, काकांची दाढ फारच ठणकतेय.

बाईंना खरं ते सांगितलं. "काका, मला ते खूप आवडतं हो," म्हणाल्या. "लोक त्याच्याकडे बघत शांत बसतात." मग मी चादर सोडली. त्यांनी भोकांची फळी हातात घेतली, खिडकीजवळ नेली.

"हे कशाचं आहे?"

"कशाचंच नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि स्वतः स्टुलावर चढून माझं चित्र उतरवून दिलं.

रिक्षाने घरी आलो. दुपारी गॅलरीत बसलो. छिन्नी लावून बघितली, एपॉक्सी ढिम्म. आच दिली तर गोंद नरमतो, पण दगड तडकायची भीती. तिसरा मार्ग एकच होता, फळी कापायची. आरी आणली. फळीवर ठेवली. आणि हात चालेना. ह्या निळ्या-हिरव्यावर तिच्या पदराची चुंबळ टेकली होती. ही तिच्या मांडीवर आडवी होती. तिचं काय काय उरलंय माझ्याकडे, आणि त्यातलंच एक कापून दुसरं काढायचं?

अक्का कपडे वाळत घालायला आली. "काय झाला?"

"ही फळी तिने आणलीय अक्का. डोक्यावरून. मनोरीहून."

अक्काने पिळा बादलीत ठेवला. "तिणां फळी हाडल्यान," ती म्हणाली, "आणि तुमी तिचो वरवंटो न्हेलास. आता एक तरी तिच्या मनासारख्या होऊंदे."

मी आरी ओढली. वरचं लाकूड वाळलेलं, पण आतून अजून वास येत होता. मीठ, मासळी, जुनं तेल. भुसा माझ्या मांडीवर पडत होता आणि मला सगळा तो दिवस आठवत होता, कोळणींच्या हसण्यासकट. थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू केलं नसतं. वरवंट्याच्या चारी बाजूंनी कापलं. तो सुटला, पण पाठीला वीतभर निळं लाकूड घेऊनच. तेवढं निघणार नव्हतं.

बारशाला त्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, कुंची घातली. अक्का म्हणाली, "ह्यो गोप्यो काय लोळाचो नाय. आपलो पाट घेवनच इलो." बायका हसल्या. लेकही हसली. तिने कुंचीच्या आत हात घालून डावं टोक चाचपून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

पुरुषांनी बाहेरच्या खोलीत बसायचं असतं. मी तिथेच जावयाच्या वडिलांना सरबत देत होतो. आतून अक्काची हाक आली, "भावोजी, हयसर येवा."

आत गेलो. पाळण्याच्या एका बाजूला अक्का होती. समोरची बाजू मोकळी होती.

"हयसर तिणां रवाचा होता," अक्का म्हणाली. "आता तुमीच रवा."

"अहो, मी कसा? बायकांचं काम हे."

"वरवंटो न्हेवचा तरी खंय पुरुषांचा काम होता?"

बायका हसल्या आणि मी उभा राहिलो. "गोविंद घ्या," म्हणत अक्काने गोप्याला पाळण्याखालून माझ्याकडे दिलं. मी घेतलं. केवढं वजन! इतक्या वर्षांत हा दगड मी एकदाच आपणहून उचलला होता, आईचा म्हणून नाही, बायकोचा म्हणून नाही, चित्रात बसतो का ते बघायला. कुंचीखाली डावं टोक माझ्या डाव्या हातात आलं. तिच्या तळव्याने जिथे गुळगुळीत केलं होतं तिथे माझा तळवा पडला. तिची जागा लहान होती. माझा हात चारी बाजूंनी बाहेर येत होता.

"गोपाळ घ्या" म्हणायचं असतं. माझ्या तोंडून फुटेना. लेकीने माझ्या वतीने म्हटलं. मी वरून परत दिला, पुन्हा खालून आला, पुन्हा दिला. शेवटच्या फेरीला तो माझ्याकडे आला आणि मी त्याला पाळण्यात ठेवला. वाकून ठेवला, पण हात तसेच राहिले. त्या डाव्या टोकावर.

लेक बाळाला घेऊन वाट बघत होती.

"सोडा आता भावोजी," अक्का हळूच म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "बाळाक निजवूक होया."

मी आधी उजवा हात काढला. मग डावा.